चारचौघांत नीट बोलणारा रेडिओ

जयंतराव टिपणीसांच्या गाडीतला रेडिओ गुळण्या करू लागला, ही गोष्ट तशी फार मोठी नव्हती. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये याहून मोठ्या गोष्टी रोज घडतात असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर घडत नाहीत. गावात काचेची ऑफिसं आहेत आणि त्या ऑफिसांकडे नेणारे राउंडअबाउट, म्हणजे वाहतुकीचे गोल चौक, आहेत. माणूस सकाळी एकाभोवती फिरून दुसऱ्याकडे जातो, संध्याकाळी तेच उलट करून घरी येतो. अशा गावात गाडीतला रेडिओ बिघडला तर आयुष्यात उरतं काय, हा प्रश्न जयंतरावांना पडला, त्यात त्यांची फार चूक नव्हती.

गुळण्या हाच शब्द बरोबर. खरखर नव्हे, घरघर नव्हे. बातम्या देणारी बाई स्वच्छ बोलता बोलता अचानक तोंडात मिठाचं कोमट पाणी घ्यायची आणि पंतप्रधानांचं म्हणणं त्या पाण्यातून सांगायची. मग एकदम गप्प. मग पुन्हा गुळणी. डिजिटल रेडिओला मधलं काही येत नाही. तो एक तर उत्तम बोलतो, नाही तर असा बुडबुडतो.

तरी जयंतरावांनी हे सहन केलं असतं. सहनशक्ती त्यांच्याकडे भरपूर होती आणि ती आहे हे ते सगळ्यांना सांगतही. पण नेमकं त्याच सुमारास मधुमतीला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गावातल्या छोट्या रेडिओ स्टेशनवरून बोलावणं आलं. गणेशोत्सवाचे दिवस होते. 'माझ्या घरातला देव' अशी काहीतरी मालिका चालली होती आणि शुक्रवारी सकाळी मधुमतीनं थेट प्रक्षेपणात इंग्रजीत बोलायचं होतं. मधुमती एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघराचा कारभार बघते. तिनं आजवर माइकवर फक्त 'जेवण तयार आहे' एवढंच म्हटलं होतं.

"तू ऐकशील ना?" तिनं विचारलं. "आणि खरं सांगशील, कसं झालं ते?"

"म्हणजे काय! अर्थात!" जयंतराव म्हणाले.

आता हे स्टेशन गावाबाहेर ऐकू येत नाही, आणि इंटरनेटवर 'लवकरच' ऐकू येणार आहे, पण हे 'लवकरच' जयंतरावांना ते स्टेशन माहीत झाल्यापासून तसंच आहे. घरात रेडिओ नाही. मधुमती म्हणाली, एक लहानसा रेडिओ आणू या का? जयंतरावांचा अपमान झाला. गाडीत आठ स्पीकरांची यंत्रणा असताना स्वयंपाकघरात डबडं आणून ठेवायचं? तेही एका आयटीवाल्याच्या घरात? "मी रेडिओ दुरुस्त करून घेईन आणि तुला गाडीतच ऐकेन," असं त्यांनी जाहीर केलं. वर तिच्यासाठी भाषणही लिहून दिलं. त्याची सुरुवात 'फ्रॉम टाइम इमेमोरियल' अशी होती. वेम्बलीमधल्या 'वे'साठी ओठ कसे गोल करायचे, हेही त्यांनी आरशासमोर उभं राहून तिला दाखवलं. मधुमतीनं भाषण घडी करून पर्समध्ये ठेवलं.

या वेम्बलीचा गोष्टीशी संबंध आहे.

मधुमती ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पुन्हा पुन्हा नापास होत होती. शिकवणारे जयंतराव असल्यामुळे चूक अर्थातच तिची होती. शेवटी तिनं गणपतीला साकडं घातलं, पास झाली, आणि त्याच रविवारी लंडनमधल्या वेम्बलीला, ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांत जाऊन एक गणपती घेऊन आली. पंजाएवढा, सोनेरी, मागे प्लास्टिकची प्रभावळ. तिची वायर गाडीतल्या चार्जरच्या सॉकेटमध्ये खोचली की प्रभावळ लाल व्हायची, मग हिरवी, मग निळी, आणि पुन्हा लाल. मधुमतीनं त्याला गाडीच्या डॅशबोर्डवर बसवलं, कुंकू लावलं आणि हात जोडले. जयंतरावांनीही जोडले. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनाला एक खडा टोचत राहिला.

जयंतराव नास्तिक नव्हते. देवघरातल्या चांदीच्या गणपतीसमोर ते रोज उभे राहत. पण हा असा डोळे मिचकावणारा गणपती इंग्रजांसमोर कसा मिरवायचा? ऑफिसला जाताना ते ॲलनला बरोबर घेत. ॲलन त्यांच्याच टीममधला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तेव्हा ॲलनच्या कोपऱ्याआधी लाल पोस्टाच्या पेटीपाशी गाडी थांबवायची, वायर उपटायची, गणपती एका पिवळ्या फडक्यात गुंडाळायचा आणि ग्लव्हबॉक्समध्ये ठेवायचा, असा जयंतरावांचा नेम होता. संध्याकाळी ॲलन उतरला की त्याच पेटीपाशी पुन्हा प्रतिष्ठापना. मधुमतीला यातलं काही माहीत नव्हतं. निदान जयंतरावांची तशी पक्की समजूत होती. स्वतःला ते सांगत की बूट घातलेल्या, बीफ खाणाऱ्या माणसाच्या गुडघ्यासमोर देव नको, एवढंच. आपण सोवळं पाळतोय असं मानलं की लपवालपवीला जरा बरं नाव मिळतं.

असो. रेडिओकडे वळू.

पहिला सल्ला अमेरिकेतून आला. मधुमतीचा भाऊ उदय न्यू जर्सीत असतो आणि तिथून तो पृथ्वीवरच्या सर्व नातेवाइकांच्या सर्व अडचणी सोडवतो. त्यानं व्हॉट्सॲपवर निदान केलं. "दाजी, सॅटेलाइट रेडिओ आहे ना? सिम्पल आहे. ओपन स्काय लागतो. झाडाखाली, पुलाखाली उभे राहू नका. मोकळ्यावर जा, साउथला तोंड करा आणि इंजिन चालू ठेवून शांत बसा."

जयंतरावांना यातला 'सॅटेलाइट' हा शब्द फार आवडला. बिघाडाला एकदम उंची आली. ते शनिवारी दुपारी एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवरच्या कार पार्कमध्ये गेले. मोकळं आकाश होतं. फोनवर होकायंत्र लावून त्यांनी गाडी दक्षिणेकडे वळवली. गुळण्या. थोडी पश्चिमेकडे. गुळण्या. आणखी थोडी. त्यांची गाडी गच्चीच्या मध्यावर घड्याळाच्या काट्यासारखी सरकत होती आणि मागे ट्रॉल्या घेतलेल्या लोकांची रांग साठत होती. शेवटी सिक्युरिटीवाला काचेपाशी येऊ लागला. जयंतरावांनी सवयीनं वायर उपटली आणि गणपती फडक्यासकट ग्लव्हबॉक्समध्ये लोटला.

आणि त्या क्षणी रेडिओ स्वच्छ बोलू लागला.

"यू ऑल राइट, सर?" सिक्युरिटीवाल्यानं विचारलं.

"फाउंड इट!" जयंतराव ओरडले. "साउथ-वेस्ट!"

त्या बिचाऱ्याला वाटलं गाडी लावायला जागा सापडत नव्हती. जयंतराव विजयी मुद्रेनं घरी आले आणि गल्लीत त्यांनी गाडी नैर्ऋत्येकडे तोंड करून लावली. त्यामुळे ती रस्त्यात तिरपी आली, शेजारच्या बाईंच्या दारावर अर्धी, आणि रात्रभर तशी राहिली. सकाळी वायपरखाली चिठ्ठी होती. तीत 'प्लीज' हा शब्द इतक्या वेळा होता की जयंतरावांचे कान लाल झाले. इंग्रज माणूस 'प्लीज' वाढवत जातो तेव्हा तो शिव्या देत असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत समजलं होतं. एवढं होऊन मधुमतीला घेऊन मंदिरात जायला निघाले, गणपती जागेवर, दिवे सुरू, तर रेडिओ पुन्हा गुळण्या करायला लागला.

"अरे, या देशात सॅटेलाइट रेडिओ नसतोच गाडीत," राफाएलकाका म्हणाले. "टॉवरवरनं येतो आवाज. तू आभाळाकडे काय बघत बसलास?"

राफाएलकाका पेणकर समोरच्या घरात राहतात. मूळचे अलिबागजवळचे मराठी ज्यू, मग भायखळा, मग लंडन, आणि आता लेकीजवळ राहायला म्हणून बेसिंगस्टोक. सिनेगॉगमध्ये हिब्रू, नातवंडांशी इंग्रजी आणि भांडायला मराठी, अशी त्यांची वाटणी आहे. सध्या भांडायला त्यांच्याजवळ जयंतराव एकटेच होते, त्यामुळे त्यांचा लोभ फार होता. काकांच्या पुढ्यात गणपती झाकावा असं जयंतरावांना कधी वाटलं नाही. म्हणून काकांनी गुळण्या अनेकदा ऐकल्या होत्या.

"पण काका, गंमत बघा," जयंतराव म्हणाले. "ॲलन बसला की रेडिओ अगदी नीट चालतो. मी त्याला रोज सांगतो, रेडिओ बिघडलाय. तो म्हणतो, साउंड्स फाइन टू मी. मला वाटतं त्याला मी खोटारडा वाटायला लागलोय."

"म्हणजे गोरा माणूस बसला की नीट बोलतो आणि आपण बसलो की बुडबुडतो?"

"हो ना!"

काकांनी चष्मा पुसला. "तुझाच रेडिओ शोभतो," ते म्हणाले. "चारचौघांत तू पण असाच बोलतोस."

जयंतराव हसले. पण घरी गेल्यावर त्यांना ते हसू आठवून उगीच कसंतरी झालं.

मग गॅराजचा अध्याय. डीलरच्या फोनवर आधी बराच वेळ संगीत ऐकावं लागलं, आणि ते मात्र निर्दोष ऐकू येत होतं. मग एक मुलगी आली. तिला गुळण्या कशा सांगायच्या? "इट इज गार्गलिंग," जयंतराव म्हणाले.

"युअर कार इज गार्गलिंग, सर?"

"नॉट द कार. द लेडी इनसाइड."

जयंतरावांनी मग फोनवर गुळणी करून दाखवली. ऑफिसच्या किचनमध्ये उभं राहून, हातात पाण्याचा ग्लास घेऊन. मागे ॲलन चहा करत होता.

गाडी गॅराजला द्यायच्या आदल्या संध्याकाळी जयंतरावांनी ती साफ केली. सीटखालचे चुरमुरे काढले, आवळा सुपारीची डबी काढली आणि अर्थात गणपतीही काढला. गॅराजनं दिवसभर ठेवून गाडी परत केली, कागदावर 'दोष आढळला नाही'. दुसऱ्यांदा दिली, तेव्हाही गणपती घरी. त्यांनी नाइलाजानं छपरावरचा एरिअल बदलून दिला आणि पुन्हा 'दोष आढळला नाही'. घरी येऊन गणपती बसवला, रेडिओ लावला, तर गुळण्या, आणि आता नव्या एरिअलमुळे त्या जास्तच जोरात वाटत होत्या. जयंतरावांनी एक कडक पत्र लिहिलं. 'मला अत्यंत वेदना होत आहेत' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. ते वाचून सर्व्हिस मॅनेजरनं, गॅरेथ नावाच्या एका थोराड वेल्श गृहस्थानं, आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग सांगितलं की तो स्वतः गाडीत बसून फेरी मारेल. वेळ एकच मोकळी होती, शुक्रवारी सकाळी. मधुमती बोलणार नेमकी त्याच वेळी.

जयंतरावांना हा योग फार चांगला वाटला. गुळण्या होतीलच. गॅरेथच्या कानांनी ऐकू येतील. साक्षीदार म्हणून राफाएलकाका मागे बसतील. आणि दोष एकदा पकडला गेला की गॅरेथ तिथल्या तिथे तो दूर करेल आणि मधुमतीचं उरलेलं भाषण ऐकता येईल, अशी त्यांची योजना होती. योजना करणाऱ्याला आपली योजना नेहमीच चांगली दिसते.

शुक्रवारी मधुमती हिरवी साडी नेसली होती. स्टेशनच्या दाराशी उतरताना तिनं डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात लावून नमस्कार केला. "ऐक हं नीट," ती जयंतरावांना म्हणाली.

"ओठ गोल," जयंतराव म्हणाले.

गॅराजच्या आवारात शिरल्याबरोबर त्यांनी वायर उपटली, पिवळं फडकं काढलं आणि गणपती ग्लव्हबॉक्समध्ये ठेवला. मागच्या सीटवरून काका बघत होते.

"हे काय करतोस?"

"काही नाही काका. हे लोक हात लावतात. तेलकट असतात."

गॅरेथ येऊन पुढे बसला. त्याचे हात स्वच्छ होते आणि त्याला साबणाचा वास येत होता. गुडघे मात्र मोठे होते, ते ग्लव्हबॉक्सला टेकले.

गाडी निघाली आणि रेडिओ काचेसारखा स्वच्छ वाजू लागला. पहिला राउंडअबाउट गेला, दुसरा गेला. हवामान सांगितलं गेलं, एक गाणं झालं. प्रत्येक शब्द, प्रत्येक श्वास ऐकू येत होता. गॅरेथ सभ्यपणे खिडकीबाहेर बघत होता.

"बुडबुडतो हो," मागून काका इंग्रजीत म्हणाले. "मी शपथ घेऊन सांगतो. रोज बुडबुडतो." म्हाताऱ्या माणसाला आपण खोट्यात पाडलं, असं जयंतरावांना वाटलं.

"होतं असं," गॅरेथ म्हणाला. "दातांच्या डॉक्टरकडे गेलं की दात दुखायचा थांबतो."

तेवढ्यात निवेदिकेनं मधुमतीचं नाव घेतलं. नाव थोडं मोडलं, पण ओळखू आलं. "माझी बायको," जयंतराव पुटपुटले. गॅरेथनं आवाज मोठा केला.

"माझ्या नवऱ्यानं मला एक भाषण लिहून दिलंय," मधुमती म्हणत होती. शब्द इंग्रजी होते, पण चाल तिचीच होती, भाजीवाल्याशी बोलावं तशी मोकळी. "फार हुशारीचं भाषण आहे. 'फ्रॉम टाइम इमेमोरियल'पासून सुरू होतं. ते मी पर्समध्ये ठेवलंय. मी माझ्या गाडीतल्या गणपतीबद्दल बोलणार आहे. व्हेम्बलीला घेतला."

ओठ अजिबात गोल नव्हते.

मग तिनं सगळं सांगितलं. टेस्टमध्ये नापास होणं, रिव्हर्स पार्किंगमध्ये गेलेली कुंडी, शेजारी बसून 'ब्रेक, ब्रेक' ओरडणारा शिक्षक, साकडं, लाल-हिरवे-निळे दिवे. निवेदिका हसत होती. गॅरेथही हसत होता, खांदे हलवत. आणि जयंतरावांच्या लक्षात आलं की ती फार छान बोलते आहे. इतकी छान की त्यांना तिचा अभिमान वाटायला सुरुवात झाली होती.

"पण माझ्या गणपतीला एक त्रास आहे," मधुमती म्हणाली. "गाडीत इंग्लिश माणूस बसला की त्याला ग्लव्हबॉक्समध्ये जावं लागतं. पिवळ्या फडक्यात. माझ्या नवऱ्याला वाटतं मला हे माहीत नाही. पण फडक्याला कुंकू लागतं ना! ते धुवायला मीच टाकते."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं माणूस म्हणतो, पण हॅम्पशर परगण्याची धरणी डांबरानं पक्की बांधलेली असते.

गॅरेथनं हळूच आपले गुडघे बाजूला घेतले. "तो आत्ता इथे आहे का?" त्यानं ग्लव्हबॉक्सकडे बोट दाखवून विचारलं.

"आधी मला राग आला," मधुमती रेडिओवर सांगत होती. "मग मी विचार केला..."

जयंतरावांनी रस्त्याच्या कडेला करकचून गाडी थांबवली, ग्लव्हबॉक्स उघडला, फडकं फेकलं, गणपती डॅशबोर्डवर बसवला आणि वायर सॉकेटमध्ये खुपसली. जणू तो कायम तिथेच होता. प्रभावळ लाल झाली.

आणि मधुमती गुळण्या करू लागली.

"धिस!" जयंतराव आनंदानं किंचाळले. "धिस इज द साउंड! ऐकलंत? ऐकलंत काका? मी सांगत नव्हतो?" इतक्या दिवसांच्या अपमानाचा सूड त्या एका बुडबुड्यानं उगवला होता. त्यांनी गॅरेथचा दंड धरून हलवला. गॅरेथ त्यांच्याकडे बघत नव्हता. तो गणपतीकडे बघत होता. काकाही गणपतीकडेच बघत होते. प्रभावळ हिरवी झाली, निळी झाली.

मग जयंतरावांनीही बघितलं. त्यांना विजेतलं आणि लहरींतलं थोडंफार कळतं. पगारच त्याचा मिळतो. कार पार्कची गच्ची, ॲलन, दोन वेळा साफ करून दिलेली गाडी, सगळं एकाच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. स्वस्तातले दिवे, आणि ते दिवे लागले की पुढ्यातल्या रेडिओचं गुदमरणं. त्यांनी वायर काढली.

"...थँक यू, मधुमती," निवेदिका स्वच्छ आवाजात म्हणाली. "मला वाटतं, आज बेसिंगस्टोकमध्ये बरेच नवरे गप्प बसले असतील." आणि गाणं लागलं.

मधुमतीनं काय विचार केला, ते गुळण्यांत वाहून गेलं होतं.

गॅरेथ फार भला माणूस होता. परतीच्या वाटेवर तो एरिअलबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि तेच जयंतरावांना जास्त लागलं. उतरताना त्यानं डॅशबोर्डकडे बघून मान किंचित झुकवली. काका आपल्या घरापाशी उतरले तेव्हा दाराला धरून थोडे थांबले. "मी पण ट्रेनमध्ये कधी कधी माझी सिनेगॉगची टोपी खिशात ठेवतो, जयंता," ते म्हणाले. "पण का ठेवतो, ते मला माहीत असतं. सोवळ्यासाठी ठेवतो असं मी स्वतःला सांगत नाही."

मधुमती स्टेशनबाहेर पायरीवर उभी होती. गाल तापलेले, डोळे चमकत होते. गाडीत बसताच तिला विनादिव्याचा गणपती दिसला.

"याचे दिवे का बंद?"

जयंतरावांनी सांगितलं. रेडिओ, दिवे, गॅरेथ, सगळं. मधुमती इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. "म्हणजे तू त्याला लपवत होतास म्हणून कोणाला दोष सापडत नव्हता?" ती म्हणाली आणि पुन्हा हसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं जयंतरावांना वाटलं.

"छान बोललीस," ते म्हणाले. "खरंच. पण शेवटचं ऐकू आलं नाही. आधी राग आला, मग विचार केलास. काय विचार केलास?"

"रेडिओवर ना? मी म्हटलं, नवरा लाजाळू आहे, पण गणपती समजून घेतो. त्या बाई हसल्या."

"आणि खरं काय?"

मधुमतीनं वायर उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली.

"खरं म्हणजे मला वाटलं, गणपती ग्लव्हबॉक्समध्ये मावतो. मी मावत नाही, म्हणून मी घरी असते."

ती रागावून बोलली नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी बोलली. जयंतरावांना दर वर्षीची ऑफिसची ख्रिसमस पार्टी आठवली. सगळे जोडीनं येत. 'तुला तिथे कंटाळा येईल,' ते दर वर्षी तिला सांगत, आणि ती मान डोलवत असे. तिला कंटाळा येईल की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिच्या 'व्हेम्बली'ला तिथे कोणी हसेल, ही भीती मात्र त्यांनी दर वर्षी विचारात घेतली होती. घर येईपर्यंत ते एकेक राउंडअबाउट फिरत राहिले.

सोमवारी सकाळी पोस्टाच्या पेटीपाशी गाडी आपोआप थांबली. जयंतरावांचा हात वायरपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मागून कोणीतरी हॉर्न दिला. त्यांनी हात मागे घेतला आणि गाडी पुढे काढली.

ॲलन बसला. पट्टा लावता लावता त्यानं गणपतीकडे बघितलं. गणपती लाल झाला, हिरवा झाला. रेडिओ जीव तोडून गुळण्या करत होता.

"तू म्हणत होतास ते खरं होतं," ॲलन म्हणाला. "बुडबुडतो खरा."

हे वाक्य ऐकण्यासाठी जयंतरावांनी किती जीव टाकला होता! पण आता ते घशाखाली उतरेना.

"शुक्रवारी तुझ्या बायकोला ऐकलं," ॲलन पुढे म्हणाला. "ऑफिसात सगळ्यांनीच ऐकलं. काय मजेदार बोलते! एवढी वर्षं आम्ही तिला भेटलो कसे नाही?"

जयंतरावांनी आधी रेडिओचा आवाज वाढवला. गुळण्यांनी गाडी भरून गेली. एक राउंडअबाउट तसाच गेला. मग त्यांनी रेडिओ बंद केला.

"मी आणलंच नाही तिला," ते म्हणाले. आधी मराठीत म्हणाले, मग ॲलनला कळावं म्हणून इंग्रजीत.

ॲलनला कुठे बघावं कळेना, म्हणून तो गणपतीकडे बघत राहिला. गणपती तेव्हा निळा होता.